पगारखात्यावरची ओडी : पायरीपायरीने फेडा, पत सांभाळा

आपल्या वस्त्यांना कर्ज नवे नाही. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या त्या काळी पगाराच्या दिवशी गेटबाहेर सावकाराचा माणूस उभा असे आणि पाकीट घरी पोहोचण्याआधीच त्याला गळती लागलेली असे. पुढे कामगारांच्या पतपेढ्या झाल्या, भिशा झाल्या, महिलांचे बचत गट झाले. आता पगार सरळ बँकेत जमा होतो, म्हणून कर्जही बँकेतूनच आणि तेही न मागता समोर येते. ‘तुमच्या पगारखात्यावर इतकी रक्कम मंजूर आहे’ असा संदेश मोबाईलवर येतो. एकदा होकार दिला की खात्यात एक पैसा नसतानाही पैसे निघू लागतात. बँकेच्या भाषेत याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे त्याची ‘ओडी’ झाली आहे.

अडीनडीला ही सोय वाईट नाही. रात्री-अपरात्री रुग्णालयात अनामत भरायची वेळ आली तर कोणाच्या दारात जायचे, हा प्रश्न ओडीमुळे सुटतो. खाजगी सावकार महिन्याला शेकडा पाच घेतो, म्हणजे वर्षाचे साठ टक्के झाले. त्यापेक्षा बँकेचे चौदा-पंधरा टक्के केव्हाही परवडले. तेव्हा ओडी घेतली याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. घेतलेली ओडी फिटतच नाही, हे दुखणे आहे. पगार येतो, खाते थोडे वर येते आणि महिनाअखेरीस पुन्हा तळाला जाते. याला ठरलेला हप्ता नाही, म्हणून हप्ता चुकल्याचा फोनही येत नाही. अशी दोन-दोन, चार-चार वर्षे जातात आणि माणूस तेवढ्याच खड्ड्यात उभा राहून दरमहा व्याज भरत राहतो.

हे कर्ज डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचे मोठे कारण आहे. पुष्कळ बँकांच्या एटीएमवर ‘उपलब्ध रक्कम’ म्हणून जो आकडा येतो त्यात ओडीची मर्यादाही मिसळलेली असते. साठ हजारांची मर्यादा असलेल्या खात्यात चाळीस हजार उचललेले असले, तरी यंत्र वीस हजार शिल्लक दाखवते. ते वीस हजार आपले नसतात, बँकेचे असतात. पासबुकात किंवा खातेउताऱ्यावर रकमेपुढे ‘डीआर’ अशी अक्षरे असतील तर ती रक्कम नावे आहे, म्हणजे आपण देणे लागतो. ‘सीआर’ असेल तरच ती जमा. ही दोन अक्षरे घरातल्या प्रत्येकाला वाचता आली पाहिजेत.

मुलांच्या प्रवेशाशी याचा संबंध

काही वाचक म्हणतील, बँकेला व्याज मिळते आहे, आम्ही वेळच्या वेळी पगार जमा करतो, मग बिघडले कोठे? बिघडते ते पत मोजणाऱ्या कंपन्यांच्या वहीत. भारतात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. लोक चौघींनाही ‘सिबिल’च म्हणतात. २००५ च्या कायद्याने त्यांचे काम चालते. प्रत्येक बँक आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना पाठवते. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून निदान दर पंधरवड्याला ती पाठवली पाहिजे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने घातला. त्या माहितीवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. तो जितका वरचा, तितके कर्ज सुलभ.

हा आकडा आपल्याला लागतो तो बहुधा घरासाठी आणि त्याहून अधिक मुलांच्या शिक्षणासाठी. मुलगी अभियांत्रिकीला किंवा नर्सिंगला निघाली की शैक्षणिक कर्जाचा अर्ज होतो. कर्ज तिच्या नावाचे असते, परंतु आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात आणि बँक त्यांचा पतअहवाल उघडून पाहते. मुलीचे गुण नव्वद टक्के असले तरी वडिलांच्या ओडीवर ‘थकीत’ असा शेरा असला की साहेब कागद बाजूला ठेवतात. ज्या घरात पहिलीच मुलगी कॉलेजची पायरी चढते आहे, त्या घरावर हा घाव फार खोल बसतो. म्हणून प्रवेशाचे वर्ष उजाडण्याआधी दोन-अडीच वर्षे ओडीकडे पाहायला सुरुवात केली पाहिजे.

पत बिघडते कशाने?

रिझर्व्ह बँकेचा यासंबंधी नियम स्पष्ट आहे आणि तो समजून घेतला तर निम्मी भीती जाते. ओडीचे खाते पुढील तीनपैकी एका कारणाने बिघडलेले धरले जाते. देणे मंजूर मर्यादेच्या वर सलग ९० दिवस राहिले तर. किंवा मर्यादेच्या आत असूनही सलग ९० दिवस खात्यात काहीच जमा झाले नाही तर. किंवा जमा झाले, पण मागच्या ९० दिवसांत लागलेल्या व्याजाइतकेही झाले नाही तर. असे खाते एनपीए, म्हणजे थकीत, या सदरात जाते. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हेही सांगितले, की हा नियम व्यापाऱ्यांच्या ओडीपुरता नाही, घरगुती कारणासाठी दिलेल्या ओडीलाही तो लागू आहे.

नव्वद दिवस पुरे होण्याआधीही बँक खूण करीत असते. देणे मर्यादेच्या वर तीस दिवसांहून अधिक राहिले की एक खूण, साठ दिवसांहून अधिक राहिले की दुसरी. पतअहवालात मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंतचा महिनावार हिशेब असतो, तेथे या दिवसांचे आकडे उमटतात. एकदा खाते एनपीए झाले की थोडे पैसे भरून ते पूर्वपदावर येत नाही, सगळी थकबाकी चुकती करावी लागते.

आता येथे एक बारीक गोम आहे. समजा, मर्यादा साठ हजार आहे आणि महिन्याच्या तीस तारखेला देणे बरोबर साठ हजार आहे. आपण एक रुपयाही जास्त काढलेला नाही. त्या दिवशी बँक महिन्याचे व्याज नावे टाकते, समजा सातशे चाळीस रुपये. देणे झाले ६०,७४०. आपण मर्यादेबाहेर गेलो आणि आपल्याला पत्ताही नाही! पगार एक तारखेला आला तर खाते लगेच आत येते. परंतु कंत्राटदाराने पगार पंधरा-वीस दिवस लांबवला तर? कंत्राटी कामगारांच्या बाबतीत हे नेहमीचेच. त्या काळात विम्याचा किंवा दुसऱ्या कर्जाचा हप्ता खात्यातून कापला जायचा असेल तर तोही परत जातो आणि त्याचा दंड वेगळा. म्हणून ओडी फेडण्याची पहिली पायरी म्हणजे काठावरून मागे सरकणे. पहिल्या महिन्यात फक्त दोन हजार रुपये मागे या. व्याज आणि एखादे शुल्क मावेल एवढी जागा वर मोकळी ठेवा. बाकीचे नंतर पाहू.

एक पैसाही न भरता वाचणारे व्याज

ओडीचे व्याज रोजच्या देण्यावर मोजले जाते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याचा उपयोग फारच थोडे लोक करतात. एक उदाहरण मांडून पाहू. महापालिकेच्या एखाद्या कामगाराचा हातात येणारा पगार २६,००० रुपये आहे. ओडी साठ हजारांची, सगळी उचललेली. व्याज शेकडा १५ धरू. प्रत्येकाच्या बँकेचा दर वेगळा असेल.

जुन्या सवयीप्रमाणे एक तारखेला पगार जमा झाला आणि त्याच दिवशी सगळा काढून घरी कपाटात ठेवला, तर तीसही दिवस देणे साठ हजारच राहते. महिन्याचे व्याज सुमारे ७४० रुपये. आता तोच पगार, तोच खर्च, परंतु काढण्याची रीत बदलली : बाजारहाटासाठी दर आठवड्याला चार हजार, म्हणजे १, ८, १५ आणि २२ तारखेला, घरभाडे, वीज, शिकवणी यांचे दहा हजार ५ तारखेला. मग पहिले चार दिवस देणे अडतीस हजारच राहते, नंतर अठ्ठेचाळीस, बावन्न, छप्पन्न अशा पायऱ्यांनी ते वाढत जाऊन २२ तारखेनंतर साठ हजारांवर पोहोचते. महिन्याचे व्याज निघते सुमारे ६५४ रुपये. खर्च एक रुपयाने कमी झाला नाही आणि महिन्याला पंच्याऐंशी रुपये वाचले, वर्षाला हजार! एका मुलाच्या वह्या त्यात येतात.

घरात रोकड असली की जीवाला बरे वाटते, हे आम्ही जाणतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी बँकेवर कधी भरवसा ठेवला नाही आणि त्याला कारणेही होती. परंतु ओडीच्या खात्यातून काढून कपाटात ठेवलेली रोकड ही उसनी रोकड आहे आणि ती कपाटात पडून असतानाही तिच्यावर व्याज चढते.

हाच न्याय मुदत ठेवीला लावा. कित्येक घरांत एकीकडे ओडी असते आणि दुसरीकडे मुलीच्या लग्नासाठी म्हणून पन्नास हजारांची ठेव असते. ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाचे साडेतीन हजार मिळतात, ओडीच्या पन्नास हजारांवर पंधरा टक्क्यांनी साडेसात हजार जातात. म्हणजे बचत करीत असल्याच्या समाधानासाठी आपण वर्षाला चार हजार रुपये मोजतो. ठेव मोडून ओडी कमी करणे मनाला लागते, पण हिशेब तेच सांगतो. सगळी मोडू नका; दवाखान्यापुरते दहा-पंधरा हजार बाजूला असू द्या.

तळाची रेघ

आता मुख्य काम. ओडीला हप्ता नाही, तो आपण ठरवायचा. आमच्या मते सर्वांत सोपी रीत अशी : पगार येण्याच्या आदल्या दिवशी खाते जिथे पोहोचते, तो आपला तळ. एका वहीत दर महिन्याची तळाची रेघ आधीच लिहून ठेवा. या महिन्यात ५८,००० च्या खाली जायचे नाही, पुढच्या महिन्यात ५६,०००, त्यानंतर ५४,०००. मधल्या दिवसांत खाते कसेही वर-खाली झाले तरी चालेल. तळ मात्र दर महिन्याला दोन हजारांनी वर आला पाहिजे.

वरच्या उदाहरणातल्या कामगाराला पहिल्या महिन्यात दोन हजार आणि व्याजाचे साडेसहाशे, म्हणजे २,६५० रुपये घरखर्चातून सोडावे लागतील. हे अवघड आहे, आम्ही सोपे म्हणणार नाही. पण पुढे गंमत होते. तळ तीस हजारांवर आला की त्याच रीतीने पैसे काढणाऱ्याचे महिन्याचे व्याज ६५४ वरून २८४ वर येते. देणे निम्मे झाले, व्याज निम्म्याहूनही कमी झाले, कारण पगार जमा झाला की पहिले काही दिवस देणे जवळपास संपलेलेच असते. अशा वेळी वाचलेले व्याज खर्चात घालू नका. ठरवलेले २,६५० तसेच सोडत राहा. मग तीस महिन्यांचे काम सुमारे सव्वीस महिन्यांत होते. महागाई भत्त्याची थकबाकी, बोनस, ओव्हरटाईम असे काही आले तर त्यातले निम्मे इकडे वळवा. सगळे वळवू नका. सणासुदीला मुलांच्या अंगावर नवा कपडा चढला नाही तर ती फेड घरातल्या कोणाच्याच गळी उतरत नाही आणि दोन महिन्यांत मोडते.

वर्षाचे सगळे महिने सारखे नसतात. एप्रिलमध्ये जयंतीची वर्गणी, मे महिन्यात नात्यातली लग्ने, जूनमध्ये शाळा, ऑक्टोबरमध्ये नागपूरचा प्रवास. हे खर्च दरवर्षी येतात, तरी दरवर्षी आपण ते अचानक आल्यासारखे वागतो. वही लिहितानाच असे दोन महिने मोकळे ठेवा. त्या महिन्यांत तळ वर नाही आला तरी चालेल, फक्त व्याज निघाले पाहिजे. दोन मोकळे महिने धरूनही काम तीन वर्षांच्या आत आटोपते.

ही वही कोणी लिहायची? आमचे स्पष्ट मत आहे की ती घरखर्च चालवणाऱ्या बाईच्या हातात असावी. पुष्कळ घरांत ओडी ही नवऱ्याची गुपित गोष्ट असते. बायकोला वाटते खात्यात पैसे आहेत, कारण कार्ड घातले की यंत्रातून नोटा येतात. मग एक दिवस पैसे येत नाहीत आणि घरात भांडण पेटते. ज्या बाईला तळाची रेघ माहीत आहे ती भाजीपासून गॅसपर्यंत तिच्याप्रमाणे वागते. जिला माहीत नाही तिला उधळपट्टीचा दोष देणे हा अन्याय आहे.

नोकरी बदलताना

ओडीच्या खात्यांचा घात जितका उधळपट्टीने होत नाही तितका पगाराची बँक बदलल्याने होतो. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, रुग्णालयातले कंत्राटी सेवक यांचे ठेकेदार बदलत राहतात. नवा ठेकेदार सांगतो, अमुक बँकेत खाते उघडा. पगार तिकडे जाऊ लागतो. जुन्या खात्यावर तीस-चाळीस हजारांची ओडी तशीच राहते. आपण त्या खात्याकडे बघतही नाही. तेथे काही जमा होत नाही आणि तीन महिन्यांत वर सांगितलेल्या दुसऱ्या कारणाने खाते थकीत होते. त्या माणसाने एक रुपयाही बुडवलेला नसतो. केवळ पगार दुसरीकडे गेलेला असतो. तेव्हा नवा पगार सुरू झाल्याबरोबर नव्या बँकेत जाऊन जुन्या खात्याकडे दरमहा ठराविक रक्कम आपोआप जाईल अशी सूचना देऊन ठेवा. ती रक्कम व्याजापेक्षा जास्त हवी. जुन्या बँकेलाही लेखी कळवा, कारण पगारावर दिलेली मर्यादा पगार बंद झाल्यावर ती काढून घेऊ शकते.

निवृत्तीला चार-पाच वर्षे उरलेल्यांनी तर ही वही आजच उघडावी. नाहीतर ग्रॅच्युइटीतले लाख-दीड लाख पहिल्याच दिवशी बँक वळते करून घेते.

आणखी एक तारीख विसरू नका, ती नूतनीकरणाची. ओडीची मर्यादा बहुधा वर्षापुरती मंजूर असते. मुदत संपल्यावर १८० दिवसांत तिचे नूतनीकरण झाले नाही तर तेवढ्याने खाते एनपीए होऊ शकते. बँक पगाराची पावती, ओळखपत्राची नक्कल मागते आणि आपण ‘जाऊ कधीतरी’ म्हणून टाळतो. ते टाळू नये.

दुसरे कर्ज काढून ओडी फेडावी काय?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर कर्ज कोणाचे यावर आहे. बँकेलाच विनंती करून ओडीचे रूपांतर ठरावीक हप्त्याच्या कर्जात करून घेता येते. ज्याला स्वतःची रेघ पाळणे जमत नाही, त्याच्यासाठी हा चांगला मार्ग आहे. मात्र व्याजदर ओडीपेक्षा कमी आहे का, प्रक्रिया शुल्क किती, कर्जाबरोबर विमा गळ्यात मारतात काय, हे विचारा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच दिवशी ओडीची मर्यादा बंद करून घ्या. ती उघडी राहिली की सहा महिन्यांत हप्ताही असतो आणि ओडीही पुन्हा भरलेली असते.

पतपेढीचे कर्ज काढून ओडी भरणारे पुष्कळ आहेत. दर कमी असेल तर त्यात गैर नाही. पण पतपेढीला जामीनदार लागतो आणि जामीनदार म्हणजे आपल्याच खात्यातला, आपल्याच आळीतला माणूस. कर्ज थकले तर वसुली त्याच्या पगारातून होते आणि जिथे पतपेढीची माहिती पतकंपन्यांकडे जाते तिथे त्याच्या अहवालावरही डाग पडतो. स्वतःची पत वाचवताना मित्राची गहाण पडू नये.

मोबाईलवरच्या झटपट कर्जांबद्दल थोडक्यात सांगतो : नको. आणि एकाच आठवड्यात चार ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाबरोबर ती संस्था आपला अहवाल मागवते, त्या चौकशीची नोंद राहते आणि पाहणाऱ्याला वाटते की हा माणूस पैशासाठी धावतो आहे. आपण स्वतःचा अहवाल पाहिला तर मात्र आकडा कमी होत नाही. दर वर्षी प्रत्येक कंपनीकडून एक पूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा आपला हक्क आहे. तो वापरा. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक देऊन तो घरबसल्या मिळतो. घरातला शिकलेला मुलगा-मुलगी हे सहज करील.

जनधन खात्यावरही ओडी मिळते. ऑगस्ट २०१८ पासून तिची मर्यादा दहा हजारांपर्यंत आहे आणि घरातल्या एकाच व्यक्तीला, शक्यतो बाईला, ती मिळते. रक्कम लहान असली तरी नव्वद दिवसांचा नियम तिलाही आहे. धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी बहिणी दोन हजार उचलून विसरून जातात. ते विसरू नये, एवढेच.

आजारपणाने किंवा काम सुटल्याने ठरलेले पैसे भरणे अशक्य झाले तर? बँकेला टाळू नका, फोन बंद करू नका. नव्वद दिवस भरण्याआधी शाखेत जा, साध्या कागदावर अर्ज लिहा, कारण आणि दरमहा किती भरू शकाल ते लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून पोच घ्या. तोंडी बोलणे कोणाच्या लक्षात राहत नाही. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर बँकांना दंडाचे जादा व्याज लावता येत नाही, दंड वेगळे शुल्क म्हणून लावावा लागतो आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज घेता येत नाही. जुन्या खात्यांनाही त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळी हाच नियम लागला. उताऱ्यात तसे नसेल तर विचारणा करा. लेखी तक्रारीला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

खाते थकल्यावर वसुलीवाले कधी कधी गोड बोलून सांगतात, ‘चाळीस हजारांतले पंचवीस भरा, मिटवून टाकू.’ कागदावर त्याला तडजोड म्हणतात आणि पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. तो वर्षानुवर्षे राहतो आणि पुढच्या बँकेला त्याचा अर्थ एवढाच कळतो, की या माणसाने पूर्ण पैसे दिले नव्हते. खरोखर दुसरा इलाजच नसेल तर गोष्ट वेगळी. पण चार-सहा महिन्यांत पूर्ण भरण्यासारखे असेल तर पंधरा हजारांच्या लोभाने मुलीचे शैक्षणिक कर्ज अडवून घेऊ नका.

मर्यादा कमी करण्याची घाई नको

काही सावध मंडळी जसजसे फेडतात तसतशी मर्यादाही कमी करून घेतात. मोह होऊ नये हा हेतू चांगला आहे, परंतु पतीच्या हिशेबात त्याचा उलटा परिणाम होतो. साठ हजारांच्या मर्यादेत तीस हजार देणे म्हणजे निम्मा वापर. तीच मर्यादा तीस हजारांवर आणली की वापर पूर्ण दिसतो, जणू आपण काही फेडलेच नाही. वापर तीस टक्क्यांच्या आत असावा असे बँकेतले लोक सांगतात. तो कायदा नव्हे, ठोकताळा आहे. म्हणून देणे दहा-बारा हजारांपर्यंत खाली येईपर्यंत मर्यादेला हात लावू नका. त्यानंतर ती निम्मी करून घ्या.

शेवटी ओडी पूर्ण बंद करायची की लहानशी ठेवायची, हे ज्याने त्याने आपला स्वभाव पाहून ठरवावे. अडचणीला उपयोगी म्हणून रिकामी ओडी ठेवणे पतीला बाधत नाही. परंतु ज्या घरात यंत्रातून नोटा आल्या की त्या खर्च होतात, तिथे ती बंद केलेलीच बरी. आकडा थोडा खाली गेला तरी तो पुन्हा वर येतो. बंद करायची असेल तर नूतनीकरणाच्या तारखेआधी बँकेला लेखी कळवा. शेवटचे व्याज आणि शुल्क भरल्याशिवाय खाते मिटत नाही. पंधरा-वीस रुपये राहून गेले तरी तेच पुढे थकबाकी म्हणून वाढतात, म्हणून त्या दिवसाचा नेमका आकडा काउंटरवर विचारून भरा. मग ‘काही देणे नाही’ असा दाखला शाखेच्या शिक्क्यासह मागून घ्या आणि रेशनकार्ड, जातीचा दाखला ठेवता त्याच पिशवीत ठेवा.

दीड-दोन महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढून पाहा. ते खाते बंद झालेले आणि देणे शून्य दिसले पाहिजे. तसे दिसत नसेल तर दाखल्याची नक्कल जोडून बँकेकडे आणि त्या पतकंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केला आहे आणि एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. ती रक्कम तक्रारदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी लागते, म्हणून तक्रारीत खाते क्रमांक लिहायला विसरू नका.